मुद्दल राखा, व्याज वापरा : पांडवलेण्याच्या पायथ्याचं वनस्पती उद्यान



आज दोन प्रश्न विचारून सुरुवात करते. पांडवलेण्याच्या पायथ्याचं वनस्पती उद्यान तुमच्यापैकी किती जणींनी पाहिलं आहे? बऱ्याच जणींनी पाहिलं असणार. पाहुणे आले की आपला ठरलेला फेरा असतो. फाळके स्मारक, वरची लेणी, जमलं तर उद्यान. डबा खायचा, मुलांना पळू द्यायचं, फोटो काढायचे आणि अंधार पडायच्या आत घर गाठायचं.

आता दुसरा प्रश्न. तिथून परत येताना एका तरी झाडाचं नाव नव्यानं शिकून आलात का?

लाजू नका. मीही कितीतरी वेळा तशीच हात हलवत परत आले आहे. पण आमच्या गटाला एकदा झाडाच्या नावावरून चांगलाच फटका बसला आणि तेव्हापासून अशा बागेकडे बघायची माझी नजर बदलली. तो किस्सा आधी सांगते.

आमच्या एका बचत गटानं अंतर्गत कर्ज घेऊन छोटी रोपवाटिका सुरू केली होती. पंधरा हजारांचं कर्ज, दहा जणींची मेहनत. एका गावातल्या महिला मंडळानं आमच्याकडे सीता अशोकाची 60 रोपं मागितली. मंदिराच्या आवारात लावायची होती. आमच्याकडे ती रोपं नव्हती. गिऱ्हाईक परत पाठवायला नको म्हणून आम्ही दुसऱ्या एका रोपवाटिकेतून 25 रुपयांना एक अशी रोपं आणली आणि 60 रुपयांना दिली. हिशेब छान जमला. सगळ्या खूश.

आठ महिन्यांनी फोन आला. मंडळातल्या एका ताईंची मुलगी कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकत होती. सुट्टीला घरी आल्यावर तिनं रोपं पाहिली आणि सांगितलं, "आई, हा सीता अशोक नाही, हा आसुपालव आहे." आपण बंगल्याच्या कुंपणाला सरळसोट उंच झाडं लावतो ना, तोच. आम्ही रोपं आणलेल्या माणसाकडे गेलो, तर तो शांतपणे म्हणाला, "ताई, तुम्ही अशोक मागितला, मी अशोक दिला." त्याचंही खोटं नव्हतं. बाजारात दोघांनाही अशोकच म्हणतात. चूक आमची होती. जे विकायचं ते ओळखता येत नव्हतं.

मंडळाला 3,600 रुपये परत केले. ते पैसे गेले याचं दुःख झालंच, पण त्या गावातून पुन्हा मागणी आली नाही याचं जास्त झालं. त्या महिन्याच्या बैठकीत आमच्यातली एक ताई रडवेल्या आवाजात म्हणाली, "आपण झाडात वाढलेल्या बायका, आणि आपल्यालाच झाड ओळखता येईना?"

मैत्रिणींनो, तिचा हा प्रश्न मनात धरूनच आजचं बोलणं ऐका.

बाग आणि वनस्पती उद्यान यात फरक काय?

आपल्या कॉलनीतली बाग असते ती फिरायला, बसायला, मुलांच्या घसरगुंडीला. तिथं झाड दिसायला चांगलं असलं की काम झालं. वनस्पती उद्यानाचं काम त्याहून मोठं असतं. तिथं प्रत्येक जातीची ओळख पक्की करायची असते. झाडाचं नाव काय, ते कुठून आणलं, कधी लावलं, त्याला फूल कधी येतं, याची नोंद ठेवायची असते. थोडक्यात, नुसती बाग म्हणजे गर्दी, आणि वनस्पती उद्यान म्हणजे हजेरीपट असलेला वर्ग.

अशा बागा सुरूच मुळी अशा गोंधळातून झाल्या. इटलीत पडुआ नावाचं शहर आहे. तिथल्या विद्यापीठानं 1545 मध्ये औषधी वनस्पतींची बाग उभारली. त्या काळी औषधं झाडपाल्याचीच असायची, आणि एका वनस्पतीच्या जागी भलतीच वनस्पती दिली जायची. रोगी बरा होण्याऐवजी दगावायचा. म्हणून वैद्यकी शिकणाऱ्या मुलांना खरी वनस्पती डोळ्यांनी बघायला मिळावी, हाताळायला मिळावी, यासाठी ती बाग केली. ती आजही आहे. पावणेपाचशे वर्षांपूर्वी त्यांच्यापुढे जी अडचण होती, तीच आमच्या गटापुढे आली. फक्त आमचे पैसेच गेले, जीव नाही, एवढं नशीब.

आपल्या नाशिकचं उद्यान मुंबई-आग्रा महामार्गाला लागून, त्रिरश्मी डोंगराच्या पायथ्याशी आहे. मूळचं हे वन विकास महामंडळाचं नेहरू वनोद्यान. पुढे टाटा ट्रस्टच्या मदतीनं त्याचा कायापालट झाला आणि ते नव्या रूपात लोकांसाठी उघडलं. तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट होती, ती म्हणजे रात्रीच्या प्रकाशात बोलणारी झाडं. तो खेळ बघायला लोक लांबून आले. चांगलंच झालं. लोक आल्याशिवाय बाग जगत नाही. पण माझं म्हणणं एवढंच की झाडं दिवसाही बोलतात. त्यांची भाषा तेवढी शिकून घ्यावी लागते.

पाटी कशी वाचायची

झाडाच्या पाटीवर मराठी नावाखाली एक लांबलचक नाव असतं. ते बघून आपण पुढे जातो. मीही जायचे. ते नाव कसं वाचायचं ते सांगते. त्यात दोन शब्द असतात. पहिला शब्द म्हणजे आडनाव, दुसरा म्हणजे त्या झाडाचं स्वतःचं नाव. आपल्याकडे आडनाव शेवटी येतं, इथे आधी, एवढाच फरक.

उदाहरण घ्या. ऐन, अर्जुन, हिरडा आणि बेहडा. चारही आपल्या सह्याद्रीतली झाडं. चौघांचं आडनाव एकच, टर्मिनालिया. म्हणजे ही चार भावंडं झाली. अर्जुनाला नदीकाठ आवडतो, ऐन डोंगरउतारावर उभा राहतो, हिरडा-बेहड्याची फळं त्रिफळा चूर्णात जातात. आडनाव कळलं की नातं कळतं.

पळसाचं शास्त्रीय नाव आहे ब्युटिया मोनोस्पर्मा. मोनोस्पर्मा म्हणजे एका बीचा. पळसाची चपटी शेंग उघडून बघा, टोकाला एकच बी असतं. म्हणजे नावातच माहिती दडलेली आहे.

आणि आमचा तो अशोक? खरा सीता अशोक म्हणजे सराका अशोका. त्याचं पान संयुक्त असतं, म्हणजे एका देठावर समोरासमोर पानांच्या जोड्या. कोवळी पालवी तांबूस आणि लोंबणारी. झाड पसरट, आणि फुलं केशरी-लाल, गुच्छात येणारी. आसुपालवाचं पान एकेकटं, लांब, कडेला लाटा असलेलं. फुलं हिरवट, सहज नजरेत न भरणारी. एवढी खूण माहीत असती तर आमचे 3,600 रुपये वाचले असते.

बायकांनी तर हे झाड ओळखायलाच हवं. बायकांच्या दुखण्यांवर आयुर्वेदात जे अशोकारिष्ट देतात, ते सीता अशोकाच्या सालीपासून करतात. मागणी इतकी, की साल ओरबाडून ओरबाडून रानातला सीता अशोक कमी झाला. आणि त्याच्या जागी आसुपालवाची साल मिसळली जाते, ही भेसळ जाणकारांना चांगली माहीत आहे. म्हणजे आमच्या रोपवाटिकेत झालेला घोटाळा औषधाच्या बाजारातही होतोच आहे.

लेण्यातला हिशेब

आता तुम्ही म्हणाल, ताई, ओळख पटली, पुढे काय? पुढचं सांगण्यासाठी तुम्हाला उद्यानातून वर, लेण्यांत घेऊन जाते.

पांडवलेण्यात एकूण 24 लेणी आहेत. त्यातलं तिसऱ्या क्रमांकाचं देखणं लेणं सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईनं, गौतमी बलश्रीनं दान दिलेलं आहे. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात राजा नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत, आणि त्याची बायको दक्षमित्रा हिनं एक खोली दान दिल्याचाही लेख आहे. बायकांची नावं आपल्या डोंगरावर सुमारे 1900 वर्षांपासून कोरलेली आहेत, हे जाता जाता लक्षात ठेवा.

उषवदाताच्या एका लेखात जे लिहिलं आहे, ते कुठल्याही बचत गटातल्या बाईला लगेच समजेल. त्यानं 3,000 कार्षापण, म्हणजे त्या वेळची नाणी, गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. श्रेणी म्हणजे त्या काळचा कारागिरांचा संघ. त्यातले 2,000 दरमहा शेकडा एक या व्याजानं, आणि 1,000 शेकडा पाऊण या व्याजानं. 2,000 चं व्याज लेण्यात पावसाळ्यात राहणाऱ्या 20 भिक्खूंच्या वस्त्रांसाठी, प्रत्येकी 12. करून बघा हिशेब. दोन हजाराला महिना वीस, वर्षाला 240. वीस भिक्खू गुणिले बारा, 240. एक पैचा फरक नाही!

आणि पुढे काय लिहिलं आहे? मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. शिवाय हे सगळं नगराच्या सभेत वाचून दाखवलं आणि फलकावर नोंदवलं, असंही लिहिलं आहे. आपण बैठकीत इतिवृत्त वाचतो आणि वहीत लिहितो, तसंच. त्याच लेखात चिखलपद्र नावाच्या गावातली नारळाची 8,000 झाडं दान दिल्याचीही नोंद आहे. म्हणजे त्या माणसानं दोन प्रकारची ठेव ठेवली. एक नाण्यांची, एक झाडांची. दोन्हींची रीत एकच. मुद्दल जागेवर ठेवायचं, दरवर्षी येईल ते घ्यायचं.

मैत्रिणींनो, डोंगरावरच्या लेखात जे आहे तेच पायथ्याच्या उद्यानाचं खरं काम आहे. झाड हे मुद्दल. बी हे व्याज. साल काढली, मूळ उपटलं, फांदी मोडली की आपण मुद्दलाला हात घातला. गळून पडलेलं बी उचललं तर ते व्याज. एक ओळख पटलेलं, निरोगी झाड वर्षाला शेकड्यांनी बी देतं. ते तसंच झाडाखाली तुडवलं जातं.

आणि नावासह उभं असलेलं झाड इथंच कामाला येतं. आईची ओळख पक्की, तर लेकराची पक्की. ज्या झाडाखालचं बी उचललं ते झाड कोणतं हे ठाऊक असेल, तर रोप विकताना छातीठोकपणे सांगता येतं की ताई, हा बहावाच आहे.

बी कधी आणि कसं गोळा करायचं

एक गोष्ट आधीच सांगते. उद्यानातलं काहीही विचारल्याशिवाय उचलायचं नाही. ती सरकारी वनजमीन आहे. गटाच्या लेटरहेडवर अर्ज द्या, परवानगी मिळाली तर घ्या. नाही मिळाली तरी बिघडत नाही. तिथं ओळख शिकायची आणि बी आपल्या गावातल्या, बांधावरच्या, रस्त्याकडेच्या झाडांखालून गोळा करायचं.

आम्ही वहीत लिहून ठेवलेलं थोडक्यात सांगते.

बहावा : उन्हाळ्यात पिवळी झुंबरं लागतात. लांब काळ्या शेंगा हिवाळ्यानंतर तयार असतात. बी टणक असतं, तसंच पेरलं तर महिनोन् महिने ढिम्म राहतं. पाणी उकळून भांडं खाली उतरवायचं, त्यात बी टाकून रात्रभर ठेवायचं. फुगलेलं बी सकाळी पेरायचं.

पळस : फुलं फाल्गुनात, शेंगा मे-जूनमध्ये. बी ताजं असतानाच पेरायचं.

करंज : शेंगा उन्हाळ्यात वाळतात. बी मोठं, काही करावं लागत नाही, सहज उगवतं. नव्या गटानं सुरुवात करंजापासूनच करावी.

कडुलिंब : निंबोळ्या जून-जुलैत पिकतात. गर धुऊन सावलीत वाळवायच्या आणि दोन-तीन आठवड्यांत पेरायच्या. डब्यात भरून पुढच्या वर्षासाठी ठेवलेली निंबोळी उगवत नाही. आम्ही एकदा ठेवून पाहिली आहे. जांभळाचंही तसंच, बी ठेवणीतलं नाही.

आवळा : फळं हिवाळ्यात. गर काढून आतली आठळी उन्हात वाळवली की ती तडकते आणि आतलं बारीक बी मिळतं.

आणखी दोन नियम. बी एकाच झाडाचं घेऊ नका, पाच-सहा चांगल्या झाडांचं एकत्र करा. म्हणजे रोपांत विविधता राहते, एखादी कीड किंवा रोग आला तरी सगळी एकदम जात नाहीत. आणि सगळं बी उचलू नका. पाखरांचा, खारींचा वाटा झाडाखाली राहू द्या.

हे एवढं करून काय होणार, असं कुणाला वाटत असेल तर अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे आठवा. आपल्या जिल्ह्याला लागूनच त्यांचं गाव. शाळेत न गेलेल्या या बाईनं गावरान पिकांचं बियाणं घरात जपलं, बायकांना जोडून त्याची बँक उभी केली, आणि 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी भाजी-धान्याचं बी जपलं. आपल्याला झाडांचं जपता येईल.

आजीला सोबत न्या

उद्यानात जाताना मुलांना नेतोच. माझी विनंती आहे की घरातल्या आजीला न्या. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीकडून शहरात आलेल्या कितीतरी आज्या आपल्या वस्त्यांत आहेत. त्यांना कुठली रानभाजी पहिल्या पावसात येते, कुठल्या फांदीची दातकाडी चांगली, कुठल्या पानाची पत्रावळ टिकते, हे तोंडपाठ आहे. पण फ्लॅटच्या चौथ्या मजल्यावर त्यांना विचारतं कोण? उद्यानात झाड समोर असतं. आजी तिचं नाव सांगते, नात पाटीवरचं नाव वाचते, आणि दोघींची माहिती एका वहीत येते. आम्ही असं केलं तेव्हा एरवी बैठकीत न बोलणाऱ्या एका सत्तरीतल्या मावशी दोन तास बोलत होत्या.

आपल्याकडे 2002 चा जैवविविधता कायदा आहे. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि शहरातही जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, आणि लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. पुष्कळ ठिकाणी ही वही कपाटात असते. ग्रामसभेत विचारा, आमच्या आज्यांनी सांगितलेली झाडं तिच्यात आहेत का?

एक सावधगिरी मात्र हवीच. ओळख पटली म्हणून कुणीही औषधपाणी सुरू करू नका. मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुलं खातात आणि दवाखान्यात भरती होतात. लालचुटूक गुंज दिसायला गोड, पण चावली तर विष. ज्याची ओळख शंभर टक्के नाही, ते पोटात घालायचं नाही. आणि ओळख असली तरी औषध वैद्याला किंवा डॉक्टरला विचारूनच.

उद्यानाला आपण काय देणार?

आपण नेहमी विचारतो, सरकारनं बागेत काय केलं. विचारायलाच हवं. पाट्या पुसट झाल्या असतील तर तसं लिहून द्या. नावं मोठ्या मराठी अक्षरांत हवीत, म्हाताऱ्या माणसांना टेकायला जागा हवी, बायकांसाठी स्वच्छतागृह नीट हवं, हे मागणं आपला हक्क आहे. पण आपणही काही देऊ शकतो. प्लास्टिक न नेणं, झाडावर नाव न कोरणं, हे तर झालंच. त्यापलीकडे, वर्षातून चार वेळा, उन्हाळा, पावसाळा, शरद आणि हिवाळा, गटानं तिथं जावं. दर वेळी पाचच झाडं ओळखायची. त्यांचं पान, फूल, फळ वहीत लिहायचं. चार फेऱ्यांत वीस झाडं होतात. दहा जणींच्या गटात एवढं ज्ञान आलं, तर त्या गावात रस्त्याकडेला कोणतं झाड लावायचं हे ठेकेदार ठरवणार नाही, आपण सांगू. फुकट मिळतंय म्हणून गिरिपुष्प आणि सुबाभूळच लावायचं, की आपली करंज, अर्जुन, बहावा मागायची, हे ग्रामसभेत बोलता येईल.

आपलं शहर झाडांच्या नावानं ओळखलं जातं. पाच वडांवरून पंचवटी. मोगलांच्या काळात तर नाशिकचं नावच गुलशनाबाद होतं, म्हणजे फुलबागांचं गाव. मुद्दल मोठं आहे आपलं. ते खाऊन संपवायचं की राखायचं, एवढंच हातात आहे.

शेवटी आमच्या गटाचं सांगते. ते 15,000 चं कर्ज फिटलं, थोडं उशिरा. आता आमच्या रोपवाटिकेत एक नियम आहे. जे झाड गटातल्या किमान तिघी ओळखू शकतात, तेच रोप विकायचं. त्यामुळे आमच्याकडे रोपांच्या जाती कमी आहेत. पण प्रत्येक पिशवीवर नाव आहे, बी कुठल्या झाडाचं आणि कधी गोळा केलं ते वहीत आहे. मागच्या पावसाळ्यात त्याच महिला मंडळाला आम्ही सीता अशोकाची पाच रोपं नेऊन दिली. पैसे घेतले नाहीत. तांबूस लोंबती पालवी दाखवून म्हटलं, "काकू, आता बघून घ्या, हाच तो."

तेव्हा पुढच्या वेळी पांडवलेण्याला जाल तेव्हा डब्याबरोबर एक वही आणि पेन पिशवीत टाका. पाच झाडं, बस्स. नमस्कार.